टाकी ओळंबली

जांभळदरा, ता. सोयगाव
९ ऑगस्ट १९८७

प्रिय शफीक,

मे महिन्यात तुझ्या शिक्षक वर्गाला आलो तेव्हा मी तुला किती शिव्या घातल्या ते तू विसरला नसशील. आम्हा चाळीस मास्तरांना औरंगाबादच्या उन्हात कोंडून तू गुण्या, पाणसळ आणि ओळंबा ही गवंड्यांची हत्यारं शिकवत होतास. मी मागच्या बाकावरून म्हणालो होतो की आम्ही मराठी आणि विज्ञान शिकवणारी माणसं, आम्हाला गवंडी कशाला करतोस. तू म्हणालास, सातवीच्या पोरांना इंजिनिअरिंग शिकवायला इंजिन लागत नाही, 'आधी माप, मग मत' एवढं अंगी बाणलं की पुष्कळ झालं. अजिंठ्याच्या शाळेत माझ्या पाटीवरून गणितं उतरवणारा माणूस मला शिकवतोय, याचा खरं तर राग आला होता.

तर त्या शिव्या परत घेतो. शाळेच्या मोडक्या कुलपाला सुतळी बांधून आम्ही ओळंबा केला आणि पोरं नुसती सुटली आहेत. वर्गाचं दार, झेंड्याचा खांब, मारुतीच्या देवळाची भिंत, सगळं उभ्यात सरळ आहे का ते पाहून झालं. दर वेळी 'ओळंबा लावून पाहिलं' म्हणायचा कंटाळा आला म्हणून त्यांनी क्रियापदच करून टाकलं. मुबारकभाईंची नजमा सकाळी विचारते, "सर, आज काय ओळंबायचं?" मराठीचा मास्तर म्हणून मी रागवायला हवं होतं, पण मला तो शब्द फार आवडला.

आता मुद्द्याचं. शाळेच्या अंगणात चार खांबांवर सिमेंटची पाण्याची टाकी आहे. रामकिसन ठेकेदारानं परवाच्या साली बांधली; तालुक्यात बऱ्याच शाळांना त्यानं त्याच साच्यातली टाकी दिली आहे. पोरांनी ती ओळंबली, तर ती शाळेच्या बाजूला बोटभर कलली आहे. त्यांनी भिंतीवरच्या फळ्यावर, जाता-येता दिसेल असं, खडूनं लिहिलं: 'आम्ही टाकी ओळंबली. ती सरळ नाही.'

मुख्याध्यापक तात्यासाहेबांना दाखवलं. म्हणाले, "मास्तर, टाकी सिमिटाची हाय. तिला काय पोरांच्या सुतळीनं कळतंय व्हय?" रामकिसन हा शाळा समितीच्या अध्यक्षाचा साडू आहे, हे त्यांनी सांगितलं नाही. ते सगळ्या गावाला ठाऊकच आहे.

काय करू ते कळव. टाकीखालच्या नळावर रोज शंभर पोरं पाणी पितात.

तुझा,
कडूबा

*

शहागंज, औरंगाबाद
२१ ऑगस्ट १९८७

प्रिय कडू,

नाव ठेवताना तुझ्या आजीनं दूरचा विचार केला होता, हे तुझं पत्र वाचून पुन्हा पटलं. अम्मीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, कडूबाला सांग, रागानं पित्त वाढतं.

'ओळंबणे' लाजवाब आहे. पुढच्या वर्गात मी तो शब्द सर्रास वापरणार, आणि श्रेय जांभळदऱ्याच्या सातवीला देणार. हत्यार हातात बसलं की माणूस त्याचं क्रियापद करतोच. मी हेच शिकवायला निघालो होतो.

पण मियाँ, जरा सबुरीनं घे. वाऱ्यानं कुलूप हलतं, माप चुकतं. बादलीत पाणी भर आणि कुलूप त्या पाण्यात बुडेल असं सोड, म्हणजे ते डोलणार नाही. महिनाभर दर आठवड्याला माप घे. बोटभर कल मुळातलाच असेल तर ती नुसती खराब कारागिरी. पण कल वाढत असेल तर पाया खचतोय, आणि मग ती गंभीर गोष्ट आहे. तोवर टाकीची उंची जेवढी, तेवढ्या अंतरावर चुन्याची रेघ मार आणि आत कुणाला जाऊ देऊ नकोस.

वरच्या ऑफिसला मात्र इतक्यात काही लिहू नकोस. पुढच्या साली हा वर्ग चालवायचा की नाही हे तिथंच ठरणार आहे. आपल्या वर्गातून तक्रारी निघतात असं त्यांच्या मनात बसलं तर चाळीसच्या जागी चार मास्तरसुद्धा मिळायचे नाहीत. आधी माप, मग मत.

तुझा,
शफीक

*

जांभळदरा
२७ सप्टेंबर १९८७

प्रिय शफीक,

माप घेतलं. तू सांगितलंस तसं बादलीत कुलूप बुडवून, दर शनिवारी, प्रत्येक वेळी वेगळ्या पोरांकडून. कल बोटभर होता तो आता दोन बोटांच्या पुढं गेला आहे. घे, हे माप. आता मत सांगू का, की त्यालाही वरची परवानगी लागते?

चुन्याची रेघ मारली. पाणी भरायला हापशावर जायचं ठरवलं. पोरांनी कुरकुर केली नाही, रेघेवर आळीपाळीनं पहारा केला. आठ दिवसांत तात्यासाहेबांनी मला लेखी विचारलं की शाळेच्या आवारात चुना टाकून घबराट का पसरवली. मी उत्तरात सगळी मापं दिली. त्यांनी तो कागद माझ्यासमोर घडी करून टेबलाच्या खणात टाकला आणि म्हणाले, "आपल्याला पोटापुरतं शिकवायचंय मास्तर. नसती इंजनेरी कशापायी?"

रामकिसन स्वतः येऊन गेला. फळ्यापुढं उभा राहून त्यानं पोरांचं वाक्य मोठ्यानं वाचलं आणि हसला. मला म्हणाला, तुमची पोरं लई हुशार हायेत, त्यांना माझ्याकडं कामाला धाडा. शफीक, त्या हसण्यानं माझं डोकं असं फिरलं की दिवसभर शिकवायला जमलं नाही.

पुढच्या महिन्यात वरच्या ऑफिसची तपासणी आहे. त्या आधी तू एकदा येऊन जा. तुझा ओळंबा पितळेचा आहे आणि तुझ्या नावापुढं 'इंजिनिअर' लिहिलेलं आहे. माझ्या कुलपाचं कुणी ऐकत नाही.

कडूबा

*

जांभळदरा
१८ ऑक्टोबर १९८७

शफीक,

टाकी पडली.

तपासणीच्या दिवशी सकाळी तात्यासाहेबांनी पोरांना वर्गात बसवलं आणि चुन्याची रेघ खराट्यानं पुसून काढायला लावली. साहेबांपुढं आवार स्वच्छ दिसलं पाहिजे म्हणे. मी आडवा गेलो तर मला हजेरीपटाच्या निमित्तानं ऑफिसात बसवून ठेवलं. शाळेची झाडलोट करणाऱ्या आवडाबाईंना साहेबांसाठी टाकीच्या नळाचं गार पाणी आणायला पाठवलं. त्या कळशी लावून वाकल्या आणि टाकी शाळेच्या बाजूला, आमच्या मापात कललेली दिसत होती त्याच बाजूला, खाली आली.

बाई वाचल्या. उजवा पाय गुडघ्याखाली चिरडला आहे. जीपमध्ये घालून आधी सिल्लोड, तिथून औरंगाबादला घाटी दवाखान्यात नेलं. मी सोबत होतो. रस्ताभर त्या शुद्धीवर होत्या आणि कळशी फुटली का विचारत होत्या.

परत आलो तर माझ्या हातात निलंबनाचा आदेश ठेवला. विद्यार्थ्यांना धोकादायक उपक्रम करायला लावल्याचा संशय, चौकशी होईपर्यंत शाळेत पाऊल ठेवायचं नाही.

तुझं गेल्या पत्राला उत्तर नाही. तू आला नाहीस. आता तरी ये.

कडूबा

*

शहागंज, औरंगाबाद
२ नोव्हेंबर १९८७

प्रिय कडू,

वाचून काळीज हललं. अल्लानं मोठं संकट थोडक्यात टाळलं, पोरं वर्गात होती.

यायचं मनात होतं, पण अम्मीची तब्येत ठीक नाही, दम्यानं उचल खाल्ली आहे. घराबाहेर पडणं कठीण झालं आहे.

चौकशी नेमली आहे असं कानावर आलं. तू शांत राहा, कुणाला उलट बोलू नकोस, काही लिहून देऊ नकोस. खरं आहे ते बाहेर येईलच. तुझ्या भल्यासाठी सांगतो.

तुझा,
शफीक

*

जांभळदरा
६ डिसेंबर १९८७

श्री. शे. शफीक, तज्ज्ञ सदस्य, यांस

चौकशीचा अहवाल मिळाला. शेवटच्या पानावर तुमची सही पाहून तुम्हाला 'अरे' म्हणायची सोय राहिली नाही.

तीस ऑक्टोबरला समिती गावात आली, तेव्हा मी आवडाबाईंच्या उशाशी घाटीत होतो. त्या दिवशी तू इथं होतास. माझ्या शाळेच्या अंगणात उभा होतास. आणि दोन नोव्हेंबरला मला लिहितोस की अम्मीच्या दम्यामुळं घराबाहेर पडता येत नाही. अम्मीला तरी मध्ये घालायचं नव्हतंस. लहानपणी तिनं तुझ्याबरोबर मलाही भाकरी वाढली आहे.

अहवालात काय आहे ते तुला ठाऊक असेलच, पण तरी उतरवतो, कारण मला ते रोज वाचून राग ताजा ठेवायचा आहे. 'शाळेच्या दर्शनी भिंतीवरील फळ्यावर विद्यार्थ्यांनी स्वहस्ते "आम्ही टाकी ओळंबली" असे लिहिल्याचे आढळले. ओळंबणे याचा कोशातील अर्थ लोंबणे, लटकणे असा आहे. सबब विद्यार्थी टाकीस वारंवार लोंबकळत असल्याने ती कमकुवत होऊन पडली, हे त्यांच्याच कबुलीवरून सिद्ध होते.'

कबुली म्हणे. शब्दकोश उघडायला त्यांना सवड झाली, पण पडलेल्या खांबात किती लोखंड आहे ते बघायला झाली नाही. आणि कोश तरी धड वाचावा. लोंबकळणारा माणूस 'टाकीला ओळंबलो' म्हणेल, ते अकर्मक. पोरांनी 'आम्ही टाकी ओळंबली' लिहिलं, ते सकर्मक. हा फरक माझ्या पाचवीतल्या पोरांना कळतो. ज्यांना कळत नाही ते माझी चौकशी करतात. लोंबकळायचंच म्हणशील तर निलंबित मी आहे. या सगळ्या प्रकरणात खरा ओळंबलेला माणूस एकटा मीच.

माझं सोड. शेवटच्या परिच्छेदात शिफारस आहे की या प्रकारात पुढं असलेल्या सात विद्यार्थ्यांना दाखला देऊन शाळेतून काढावं. त्यात नजमा आहे, वच्छला आहे. पलीकडची शाळा चार कोसांवर, घाटाच्या अंगाला. मुलं जातील एकवेळ चालत. मुबारकभाई मला स्पष्टच म्हणाले, "मास्तर, पोरीवर टाकी पाडल्याचा ठपका आहे. आता ती घरीच बसंल." तिनं माप बरोबर घेतलं, एवढाच तिचा गुन्हा. आणि माप घ्यायला तिला मी शिकवलं, मला तू शिकवलंस.

आता एकच गोष्ट सांगतो आणि थांबतो. टाकी पडली तेव्हा तिच्याखाली एकच माणूस होतं. परवा घाटीत गेलो तेव्हा आवडाबाई मला म्हणाल्या, "पोरं लटकली असती तर मला दिसली असती की सर. मी तिथंच व्हते. मला कुणी इचारलंच नाय."

शहागंजापासून घाटी किती लांब आहे रे शफीक? दोन महिने होत आले. त्यांना विचारायला तुला किती वेळ लागला असता?

उत्तर पाठवू नकोस. पाठवायचंच असेल तर आधी माप, मग मत.

क. सां. गवळी
(निलंबित)

*

शहागंज, औरंगाबाद
२० डिसेंबर १९८७

कडू,

अम्मी ठणठणीत आहे. तिनं तुझं पत्र वाचलं आणि माझ्याशी बोलणं बंद केलं आहे.

सही कशी झाली ते सांगत बसत नाही. भेटीचा कागद म्हणून पुढं आला, वर्गाची मंजुरी त्याच साहेबांच्या हातात होती, मी केली. ज्या माणसानं तुम्हाला माप शिकवलं त्यानं न मापता सही केली. यावर तू मला काय म्हणशील ते मी मनात म्हणून झालो आहे.

घाटीत गेलो. तीन दिवस रोज गेलो. पहिल्या दिवशी आवडाबाईंनी तोंड फिरवून घेतलं. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "तुम्ही लई उशिरा आले." तिसऱ्या दिवशी त्यांनी सगळं सांगितलं, आणि वॉर्डातल्या डॉक्टरांसमोर त्यांची जबानी लिहून अंगठा घेतला. चुना कुणी पुसायला लावला तेही त्यात आहे. ती जबानी आणि माझी सही मागं घेतल्याचं पत्र काल वरच्या ऑफिसला दिलं. पोच घेतली आहे.

ते एवढ्यानं ऐकतील असं मला वाटत नाही. एका बाईचा अंगठा आणि एका बदललेल्या तज्ज्ञाचा कागद, दोन्ही खणात जातील. म्हणून आणखी एक केलं. मे महिन्यातल्या वर्गाला आलेल्या तुम्हा चाळीस मास्तरांचे पत्ते माझ्याकडं आहेत. तू सोडून सगळ्यांना लिहिलं. रामकिसनच्या साच्यातली टाकी तुमच्या शाळेत असेल तर पोरांना घेऊन, बादलीत कुलूप बुडवून, कल मोजा. काय आलं ते पोस्टकार्डावर एका ओळीत वरच्या ऑफिसला कळवा. ओळीची सुरुवात मात्र सगळ्यांनी सारखीच करायची: 'आम्ही टाकी ओळंबली.'

बघू, ऑफिसवाले किती शाळा लोंबकळतात म्हणून लिहितात ते.

वर्ग पुढच्या साली होणार नाही, हे आता मी धरून चाललो आहे. राग आहे मलाही. माझा जरा उशिरा येतो.

शफीक

*

जांभळदरा
७ फेब्रुवारी १९८८

प्रिय शफीक,

पुन्हा 'प्रिय' लिहिलं आहे, त्याचा फार अर्थ काढू नकोस. अम्मीसाठी लिहिलं आहे.

पोस्टकार्डं गेली, आणि नुसती आपल्या तालुक्यातून नाही. सिल्लोडकडून गेली, कन्नडकडून गेली. रामकिसननं कुठं कुठं साचा नेला होता ते त्यालाही आठवत नसेल. ऑफिसातला कारभारी नावाचा कारकून माझ्या नात्यातला. त्यानं सांगितलं की टपालाचा गठ्ठा सोडला की पहिली ओळ सगळीकडं तीच, आणि साहेब प्रत्येक कार्ड वाचून लाल होत होते. कुठं बोटभर, कुठं तीन बोटं. एका मास्तरानं खाली लिहिलं होतं की आमच्याकडची तिरकी टाकी उतरवून घ्या, नाहीतर आमच्यावरही लोंबकळल्याचा गुन्हा टाका.

आणि मग परिपत्रक निघालं. तुझ्याकडं आलं नसेल तर वाच: 'असे निदर्शनास आले आहे की काही शाळांमधून विद्यार्थ्यांकरवी पाण्याच्या टाक्या ओळंबण्यात येत आहेत. यापुढे कोणत्याही शाळेने पूर्वपरवानगीशिवाय टाकी ओळंबू नये.'

मी ते परिपत्रक हातात धरून खदाखदा हसलो, बायको घाबरून बाहेर आली. शफीक, 'टाकी ओळंबू नये.' टाकीला नव्हे, टाकी. सकर्मक! आणि पूर्वपरवानगीशिवाय नको म्हणजे काय, परवानगी घेऊन पोरांनी लोंबकळायचं का? ज्या ऑफिसनं अहवालात सांगितलं की शब्दाचा अर्थ लटकणे, त्याच ऑफिसनं आपल्या शिक्क्याखाली तो पोरांच्या अर्थानं वापरला.

सुनावणीला मी दुसरं काहीच बोललो नाही. डाव्या हाताला अहवाल ठेवला, उजव्या हाताला परिपत्रक, आणि विचारलं की साहेब, यातला कुठला अर्थ धरायचा ते सांगा, मी सातवीला तोच शिकवीन. मग आवडाबाईंच्या जबानीची नक्कल पुढं सरकवली. दाखले रद्द झाले. सातही पोरं वर्गात आहेत. मुबारकभाई स्वतः नजमाला सोडायला आले, पण माझ्याशी बोलले नाहीत. त्यांचं बरोबर आहे, भीती त्यांनी भोगली.

तुला वाटेल आता माझा राग उतरला असेल. नाही उतरला. माझं निलंबन उठलं, पण जूनपासून कन्नडच्या पुढं बदली लावली आहे. तात्यासाहेबांना कुणी एक शब्द विचारला नाही. आवडाबाई काठी घेऊन येतात. पाय सरळ होणार नाही, आणि तिरका पाय ओळंबायचं माप तुझ्याही वर्गात नाही. बाकीच्या शाळांमधल्या टाक्या दुरुस्तीच्या नावाखाली गुपचूप रिकाम्या केल्या. ती दुरुस्ती कुणाला मिळाली ते सांगतो, मग तुझा उशिरा येणारा राग आजच येईल. रामकिसनला. जांभळदऱ्याची नवी टाकीही तोच बांधतोय. कालपासून शाळेच्या अंगणात त्याच साच्याचे चार खांब उभे राहायला लागले आहेत. परवा आला होता, फळ्याकडं बघितलं. या वेळी हसला नाही, एवढाच काय तो फरक.

मी जूनला जाईन, पोरं इथंच राहणार आहेत आणि त्या नळाचं पाणी पिणार आहेत. म्हणून काल पूर्ण तासभर मराठीत अर्जलेखन घेतलं. मजकूर पोरांनीच ठरवला, अक्षर वच्छलाचं. मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ पाहिलं. उद्याच्या टपालानं ऑफिसला जाईल. तुझ्या त्या चाळीस मास्तरांनाही एकेक प्रत पाठव, सगळ्यांकडून असाच अर्ज जाऊ दे. नक्कल अशी:

'विषय: टाकी ओळंबण्यास परवानगी मिळणेबाबत.

महोदय, आपल्या परिपत्रकाप्रमाणे आम्ही इयत्ता सातवीचे विद्यार्थी विनंती करतो की, आमच्या शाळेत नवीन पाण्याची टाकी बांधण्याचे काम चालू आहे. ती आम्हास दर शनिवारी ओळंबण्याची परवानगी मिळावी. ओळंबताना कोणीही लोंबकळणार नाही. परवानगी येईपर्यंत आम्ही त्या टाकीचे पाणी पिणार नाही.'

खाली सगळ्या वर्गाच्या सह्या आहेत. आवडाबाई काठी टेकत वर्गात आल्या, म्हणाल्या माझंही लावा. पोरांनी त्यांच्यासाठी वरची जागा मोकळी ठेवली होती. पहिला अंगठा त्यांचा आहे.

तुझा,
कडूबा